ट्रंपेटचा माउथपीस: पितळी कीं प्लास्टिकचा?

गेल्या स्वातंत्र्यदिनीं शाळेच्या पटांगणावर आमच्या बँडनें राष्ट्रगीत वाजविलें, तेव्हां एक गोष्ट ऐकणाऱ्या पालकांपैकीं कित्येकांच्या लक्षांत आली असेल. ट्रंपेटच्या रांगेंतील एका विद्यार्थ्याचा आवाज वरच्या स्वरांत अणकुचीदार होऊन इतरांच्या वर चढे, आणि खालच्या स्वरांत तो अजीबात नाहींसा होई. कोणी हंसलें नाहीं; परंतु झेंडावंदनानंतर त्या मुलानें वाद्य पेटींत ठेवलें, तें पुढील पंधरा दिवस बाहेर काढलें नाहीं. मुलगा मिरकरवाड्याचा, वडील मच्छीमार बोटीवर तांडेल. आम्हीं त्यास आळशी ठरविलें व वर्गांत तसें बोललोंहि. दोष त्याचा नव्हता. कांहीं अंशीं तो आमचाच होता, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

घडलें तें असें. शाळेच्या कपाटांत ट्रंपेट सहा, परंतु त्यांस बसणारे धड माउथपीस चारच. अर्थात् मुलांत पाळी लावावी लागे. त्यांतील एकाची चांदीची झील ओठाशीं घासून गेली होती व आंतलें पितळ उघडें पडलें होतें. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली म्हणजे त्यांत ताक कां ठेवीत नाहींत, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या आयांस सांगावयास नको, ताक कळकतें. ओठांचा ओलावा व बंदरावरून येणारी खारी हवा मिळून तोच प्रकार ह्या माउथपीसवर चालला होता. मुलाच्या ओठास पुरळ आलें. वडील शाळेंत आले व म्हणाले, "सर, ह्याचा ह्याला वेगळा घेतला तर चालेल ना? कोणता घेऊं?" आम्ही वेळापत्रकाच्या कामांत गुंतलों होतों. मान वर न करतां आम्हीं सांगितलें, "ट्रंपेटचा कोणताहि घ्या, चालेल."

दिवस पावसाळी मासेमारीबंदीचे. बोटी मिरकरवाड्याच्या बंदरांत नांगरलेल्या, आणि घरांत रोकड बेताची. तरीहि त्या गृहस्थांनीं एका मोठ्या शहरांतील दुकानांतून, असलेल्यांत सर्वांत चकचकीत व महाग असा पितळी माउथपीस मागविला. "ह्यानें वरचे सूर सहज निघतात," असें दुकानदारानें त्यांस सांगितलें होतें. तें खोटें नव्हतें. पण तें अर्धेंच सत्य होतें, आणि उरलेलें अर्धें सांगण्याचें काम आमचें होतें. तें येथें उशिरानें करीत आहों.

ट्रंपेटची नळी उलगडून सरळ केली, तर ती जवळजवळ दीड मीटर भरेल. तिच्या आरंभीं सुमारें ९ सेंटिमीटर लांबीचा जो सुटा तुकडा खोंचतात, तो माउथपीस. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, आवाज पितळेंतून निघतो. तो ओठांतून निघतो. आमच्या किनाऱ्यावरील मुलांस हें शंखावरून चटकन् उमजेल. शंखाचें शेंड्याकडील टोंक कापून छिद्र पाडतात व त्यावर ओठ आवळून फुरफुरवितात. शंख त्या फुरफुरीस आकार देतो, एवढेंच. तुतारीचें व शिंगाचेंहि तत्त्व हेंच. भेद इतकाच कीं, शंखाचें तोंड शंखालाच असतें, तें बदलतां येत नाहीं. ट्रंपेटचें तोंड काढतां येतें, आणि काढतां येतें म्हणूनच निवडीचा प्रश्न उभा राहतो.

माउथपीस हातांत घेऊन पाहावा. ओठांस टेकतो तो त्याचा कांठ. कांठाच्या आंत लहानशी वाटी. वाटीच्या बुडाशीं बारीक छिद्र, त्यास गळा म्हणूं. हा गळा बहुधा साडेतीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक रुंद असतो. गळ्यापुढें हळूहळू रुंदावत जाणारी आंतली वाट, आणि बाहेरून वाद्याच्या नळींत बसणारी निमुळती दांडी. सर्व चमत्कार ह्या चारपांच भागांच्या मापांत आहे.

वाटी उथळ असली म्हणजे आवाज तेजस्वी व टोंकदार निघतो, वरच्या स्वरांस आधार मिळतो. परंतु खालचे स्वर पातळ होतात आणि नवशिक्याच्या हातीं ते फाटतात. वाटी खोल असली म्हणजे आवाज गोल व भरदार. पण वरचे स्वर काढतांना दम लागतो. कांठाचा व्यास मोठा असल्यास अधिक ओठ वाटींत शिरतो व आवाज मोठा होतो, मात्र ओठांचे स्नायू तितके कसलेले पाहिजेत. व्यास फार लहान असल्यास ओठ जखडल्यासारखा होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या वांट्यास आलेला माउथपीस फार उथळ वाटीचा होता. असा माउथपीस रात्रभर उंच स्वरांत वाजविणाऱ्या मुरलेल्या धंदेवाइकांकरितां असतो. आठ आठवडे शिकलेल्या मुलास तो देणें, म्हणजे नुकत्याच पोहूं लागलेल्यास भरतीच्या वेळीं खोल पाण्यांत सोडण्यासारखें होय.

वाटीच्या खोलीचा परिणाम कानांनीं ताडून पाहण्याची एक सोपी रीत आहे. माउथपीसचा कांठ तळहातावर हलकेच आपटावा. बाटलीचें बूच निघावें तसा 'पप्' असा आवाज होतो. उथळ वाटीचा हा आवाज उंच असतो, खोल वाटीचा खालचा. दोन माउथपीस एकापाठोपाठ असे आपटून पाहिले म्हणजे सातवीचा विद्यार्थीहि भेद ओळखतो. आम्हीं हा प्रयोग वर्गांत केला, तेव्हां अर्धा तास भूमितीचें नांव कोणी काढलें नाहीं.

मापें कशीं ओळखावीं? ह्यासाठीं व्हिन्सेंट बाक ह्यांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. हे १८९० सालीं ऑस्ट्रियांत जन्मले. शिक्षणानें यंत्रशास्त्राचे, आणि वादनांत कॉर्नेट व ट्रंपेटचे जाणकार. १९१४ सालीं ते अमेरिकेस गेले व १९१८ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं माउथपीस घडविण्यास आरंभ केला. त्यांनीं लावलेले क्रमांक आजहि बाजारांत चालतात. आंकडा कांठाचा व्यास दाखवितो व अक्षर वाटीची खोली. गंमत अशी कीं, आंकडा जितका लहान तितका व्यास मोठा. आणि अक्षर ए पासून पुढें जसें सरकावें तशी वाटी उथळ होत जाते. '७सी' चा आंतील व्यास सुमारें १६.२ मिलिमीटर, '३सी' चा सुमारें १६.३, आणि '१½सी' चा सुमारें १७. पहिल्या दोहोंत अंतर पाहावें तर जाड्या केंसाएवढें! तरीहि ओठांस तें कळतें. दुसरी गोष्ट, सर्व कारखाने हीच पद्धति पाळीत नाहींत. जपानच्या यामाहा कारखान्याच्या क्रमांकांत आंकडा वाढला म्हणजे व्यास वाढतो, म्हणजे अगदीं उलट. म्हणून नुसत्या आंकड्यावर विसंबूं नये. व्यास मिलिमीटरांत विचारावा.

नव्या ट्रंपेटबरोबर पुष्कळदां ७सी येतो, आणि लहान तोंडाच्या मुलास पहिलें वर्ष तो ठीक आहे. परंतु ज्या घरास एकदांच खर्च करणें शक्य आहे, त्यांनीं मध्यम वाटीचा ५सी घ्यावा, असें आमचें मत झालें आहे. ओठ चांगले तयार झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्यास ३सी शोभेल. ह्याहून मोठे किंवा 'सी' हून पुढच्या अक्षरांचे उथळ माउथपीस शाळेच्या बँडांत आणूं नयेत.

मध्यमच कां? आमच्या मुलांस वाजवावयाचें असतें काय, तें पाहावें. ऑगस्ट व जानेवारी महिन्यांत राष्ट्रगीत व संचलनाची धून. स्नेहसंमेलनांत नाट्यगीत किंवा चित्रपटगीत. नाताळांत शांत, सावकाश गीतें. आणि मोठा झाल्यावर एखादा लग्नाच्या वरातींतील बँडांत चार पैसे मिळविण्यास गेला, तर तेथें तिसरेंच. इतक्या निरनिराळ्या कामांस एकच माउथपीस पुरला पाहिजे. ट्रंपेटवाल्याच्या कामाची ही विविधता नवी नाहीं. गोव्यांतील हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांस मुंबईनें चिक चॉकलेट ह्या नांवानें ओळखलें, ते रात्रीं ताजमहाल हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसां चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. आमच्या महाराष्ट्राचे सी. रामचंद्र ह्यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांच्या ट्रंपेटचा आवाज आहे. गोव्याच्या चर्चशाळांत मुलें लहानपणीं स्वरलिपी वाचावयास शिकत, आणि तेथून निघालेले वादक मुंबईंत येऊन सकाळीं एक व संध्याकाळीं दुसरें असें कोणतेंहि काम सहज उचलीत. ही सहजता त्यांस धातूनें दिली नव्हती. ती शिस्तीनें आली होती. पण ती शिस्त येईपर्यंत मुलाच्या ओठांशीं भांडणार नाहीं असें साधन त्याच्या हातीं असावें, एवढी काळजी मोठ्यांनीं घ्यावयाची.

आतां प्लास्टिकच्या प्रश्नाकडे वळूं. चूक उमगल्यावर आम्ही स्वतः मिरकरवाड्यास त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. नवा पितळी माउथपीस पुन्हां घ्या असें सांगण्यास जीभ वळेना. तेव्हां ५सी मापाचा प्लास्टिकचा सुचविला. पितळीपेक्षां तो पुष्कळ स्वस्त पडतो. मुलाच्या काकांस तें रुचलें नाहीं. ते म्हणाले, "प्लास्टिक म्हणजे खेळण्यांतलें. पोराला सगळे हंसतील." वडील ओटीवर जाळें दुरुस्त करीत बसले होते. ते म्हणाले, "आमच्या आजाचें जाळें सुताचें होतें. वाळवा, साल उकळून रंगवा, तरी कुजायचें. आतां हें नायलॉनचें. हेंहि प्लास्टिकच कीं! मासा काय विचारून शिरतो?" काका गप्प बसले, आणि आम्हांस जें सांगण्यास पानभर लागलें असतें तें सांगून झालें.

तरीहि शास्त्र सांगितलें पाहिजे. आवाजाचा गुण मुख्यतः माउथपीसच्या आंतील पोकळीच्या आकारावर अवलंबून असतो; त्या पोकळीची भिंत कशाची केली आहे ह्यावर फार थोडा. पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठपट जड, आणि पॉलिकार्बोनेट नांवाचें कठीण प्लास्टिक पाण्याहून थोडेंसेंच जड. म्हणून तेवढ्याच आकाराचा प्लास्टिकचा माउथपीस पितळीच्या सातव्या हिश्शाएवढा भरतो. ह्या हलकेपणामुळें वाजविणाऱ्याच्या ओठांस व हातांस निराळें वाटतें हें खरें. पहिले दोन दिवस विद्यार्थी 'आवाज बदलला' असें म्हणतो. दहा पावलांवर बसलेल्या श्रोत्यास मात्र तो भेद बहुधा कळत नाहीं. आम्हीं स्वतः पटांगणाच्या कडेस पाठ फिरवून बसलों व मुलांस आळीपाळीनें दोन्ही वाजविण्यास सांगितलें. दहांपैकीं सहा वेळां आमचा तर्क चुकला. आमच्या कानांविषयीं ज्यांस शंका असेल त्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

थोर वादकांनींहि प्लास्टिकचा विटाळ मानलेला नाहीं. अमेरिकेचे विख्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ह्यांनीं १५ मे १९५३ रोजीं टोरोंटो येथील मॅसी हॉलमधील कार्यक्रमांत पांढऱ्या ॲक्रिलिक प्लास्टिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन वाजविला, आणि त्या कार्यक्रमाची मुद्रिका आजहि लोक आदरानें ऐकतात. योगायोग असा कीं, पॉलिकार्बोनेटचा शोधहि त्याच १९५३ सालीं, जर्मनींत हेर्मान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स ह्या दोघांनीं स्वतंत्रपणें लावला.

आमच्या गांवच्या हवेंत प्लास्टिकचे कांहीं खास गुण आहेत. त्यास झील नाहीं, म्हणून ती उडत नाहीं. तें कळकत नाहीं. ज्या मुलाच्या कातडीस निकेलसारखा धातु सोसत नाहीं, त्यास तें निर्धोक. पितळ उष्णता फार लवकर वाहून नेतें, पॉलिकार्बोनेटच्या सुमारें पांचशेंपट. म्हणून उन्हांत उभ्या असलेल्या बँडवाल्याचा पितळी माउथपीस ओठास चटका देतो, प्लास्टिकचा देत नाहीं. हातांतून फरशीवर पडल्यास पितळी दांडीस पोंचा येतो व मग ती नळींत नीट बसत नाहीं. प्लास्टिकची बहुधा उसळी घेऊन पूर्ववत् राहते. परंतु आमच्या मतें सर्वांत मोठा गुण किंमतीचा आहे, कारण त्यामुळें प्रत्येक मुलास स्वतःचा माउथपीस देतां येतो. एकाच्या तोंडांतला दुसऱ्याच्या तोंडांत जाणें बंद झालें, एवढ्यासाठींच आम्ही प्लास्टिकला चार दोष माफ करूं.

दोष आहेतच. पहिला, प्लास्टिक ह्या एका नांवाखालीं अनेक पदार्थ विकले जातात. पॉलिकार्बोनेट चांगलें, एबीएस नांवाचेंहि पुष्कळ वापरतात व तें शाळेच्या कामास पुरतें. पण ज्यावर कारखान्याचें नांव नाहीं, माप नाहीं, पदार्थाचा उल्लेख नाहीं, तो कितीहि स्वस्त असला तरी परत करावा. दुसरा दोष, प्लास्टिक साच्यांत ओततात, त्यामुळें कधीं कधीं कांठावर जोडाची बारीक रेघ राहते. डोळ्यांस ती दिसत नाहीं. कांठावरून नख फिरवावें, अडखळलें तर तो माउथपीस घेऊं नये, कारण तीच रेघ महिन्याभरांत ओठ सोलते. तसेंच माउथपीस उजेडाकडे धरून गळ्यांतून पाहावें: छिद्र वर्तुळाकार व बरोबर मध्यावर असलें पाहिजे. तिसरा दोष उष्णतेचा. घरांत बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळतात तसा माउथपीस उकळण्याचा मोह मातांस होईल. तसें करूं नये. एबीएस उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ पडूं लागतें, आणि एकदां दांडी वाकडी झाली कीं तो माउथपीस टाकून द्यावा लागतो. कोमट पाणी, थोडा साबण व बारीक ब्रश, आठवड्यांतून एकदां, एवढें पुरे. बोटीवरील रंगाचा थिनर किंवा पेट्रोल लावून चकाकी आणण्याचा उद्योग एकानें केला होता. त्याच्या माउथपीसवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या.

दांडीविषयीं मात्र पितळी असो कीं प्लास्टिकचा, सावध राहावें. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी ट्रंपेटच्या दांडीहून बारीक असते. आमच्या कपाटांत जुने कॉर्नेटहि आहेत, आणि त्यांचा माउथपीस कागद गुंडाळून ट्रंपेटांत बसविणारे कल्पक विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांतून हवा निसटते व वाद्य बेसूर होतें. दांडी नळींत सुमारें दोन सेंटिमीटर आंत जाऊन न डुलतां बसावी. ती हलक्या हातानें फिरवून बसवावी. तळहातानें ठोकूं नये. अडकलीच तर पकडीनें ओढूं नये, आमच्याकडे घेऊन यावें.

आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. मुलाच्या ओठावर वर्तुळाकार लाल वण रोज दिसूं लागला, तर माउथपीस बदलून तो जाणार नाहीं. मुलगा वाद्य तोंडावर दाबून वरचे स्वर काढतो आहे, असा त्याचा अर्थ. दाबानें ओठांतील रक्त हटतें, ओठ बधिर होतो, आणि मुलगा आणखी दाबतो. अशा वेळीं त्यास दोन दिवस विश्रांति द्यावी व नंतर नुसत्या मधल्या स्वरांवर, आरशासमोर, दहा दहा मिनिटें वाजवावयास सांगावें. दांतांस तार लावलेल्या मुलांनीं तर ह्या बाबतींत विशेष जपावें.

आमच्या विद्यार्थ्याचा निळा ५सी सप्टेंबरांत आला. पहिल्या आठवड्यांत तो हलका लागतो म्हणून त्याची तक्रार होती. दुसऱ्या आठवड्यांत ती बंद झाली. २६ जानेवारीस राष्ट्रगीताचे खालचे स्वर त्याच्याकडून भरून आले. वरच्या एका स्वरावर तो अजून घसरतो, पण त्या स्वरावर आमचे बहुतेक सर्वच घसरतात. त्याच्या मागोमाग आणखी चौघांनीं स्वतःचे प्लास्टिकचे माउथपीस घेतले, एकानें पिवळा, दोघांनीं काळा, एकानें पारदर्शक. त्यामुळें कोणाचा कोणता हा जुना वादहि मिटला. पारदर्शकांत आंतला मळ दिसतो, म्हणून तो आम्हांस सर्वांत आवडतो व त्याच्या मालकास सर्वांत कमी.

पहिला उथळ पितळी माउथपीस त्यानें आमच्याकडे ठेवावयास दिला आहे. ओठ पक्के झाल्यावर तो त्यास परत मिळेल. तोंवर तो आमच्या टेबलाच्या वरच्या खणांत आहे. ज्यांस दोन वाट्यांतील खोलीचा फरक प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्यांनीं मधल्या सुटींत यावें. येतांना हात धुऊन यावें.